सायन्स घेतलं, पण कुठलं?

दहावीचा निकाल १३ मे २०२५ ला लागला. त्यानंतर जो भेटेल तो दोनच गोष्टी विचारायचा: किती पडले, आणि आता काय घेणार. 'सायन्स' म्हटलं की समोरच्याचं समाधान व्हायचं. आमचा प्रश्न मात्र तिथून सुरू होत होता. सायन्स ही झाली शाखा. राज्य मंडळाच्या बारावीला सहा विषय असतात, सहाशे गुणांचे. त्यातलं इंग्रजी सक्तीचं. उरलेल्या पाच जागांवर कोण बसणार, यावर पुढे कुठल्या रांगेत उभं राहायला मिळेल हे ठरतं, आणि त्याबद्दल कुणीच काही विचारत नव्हतं.

लेक सेमी इंग्रजीत शिकलेली. भूगोलात उत्तम, विज्ञानात चांगली, गणितात बरी. 'बरी' म्हणजे गुण चांगले होते, पण दहावीच्या गणितात वीस गुण शाळेच्या हातात असतात आणि बीजगणित-भूमितीचे दोन्ही पेपर चाळीस-चाळीसचे. सराव केलेल्या मुलाला तिथे गुण मिळतात, त्यावरून गणित आवडतं की नाही हे कळत नाही. तिला स्वतःलाही ते सांगता येत नव्हतं. काय व्हायचंय असं विचारलं की ती चार नावं घ्यायची आणि ती चार एकमेकांना ओळखतही नव्हती: हवामानशास्त्र, जनावरांची डॉक्टर, आर्किटेक्ट आणि वकील. वकिली आजोबांमुळे. बाकीची कुठून आली, देव जाणे.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. माझे सासरे म्हणाले, "सगळा ग्रुप घेऊन ठेवा. पीसीएमबी. मग बारावीनंतर बघू." म्हणजे भौतिक (पी), रसायन (सी), गणित (एम) आणि जीवशास्त्र (बी) असे चारही. धाकट्या दिरांचं म्हणणं, कॉम्प्युटर सायन्स मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावं. माझी आई फोनवर एकच सांगत होती, मुलीच्या जातीला शिक्षकी पेशा बरा. तिला मी उत्तर देत नाही, ती मनाला लावून घेते.

मी स्वतः १९९७ ला बारावी झाले. तेव्हा इंजिनीअरिंग आणि मेडिकलचे प्रवेश बारावीच्या ग्रुपच्या गुणांवर व्हायचे. राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेशाची सामाईक परीक्षा, पुढे आली. नीट, मेडिकलची देशपातळीवरची परीक्षा, तर त्यानंतर किती वर्षांनी. म्हणजे आमच्या पिढीतल्या माणसांचे सल्ले ज्या व्यवस्थेतून आले होते ती व्यवस्थाच आता उरलेली नाही. 'सगळा ग्रुप घे' हा सल्ला तेव्हा शहाणपणाचा होता, कारण बारावीचे गुण हीच परीक्षा होती आणि दोन्ही गटांची बेरीज करून बघता यायची. आता इंजिनीअरिंगला बारावीत ठरावीक टक्के मिळाले की पुढचं सगळं सीईटी नाहीतर जेईईवर. प्राण्यांच्या डॉक्टरकीलासुद्धा नीट. बारावीचा विषय आता गुणांसाठी कमी आणि दाराची किल्ली म्हणून जास्त लागतो. एवढी एक गोष्ट लक्षात आल्यावर माझ्या डोक्यातला गोंधळ बराच निवळला.

मधे एक कल चाचणीही करून घेतली. जाड अहवाल मिळाला, रंगीत आलेखांसकट. त्यात तिची 'अवकाशीय क्षमता' जास्त आली, म्हणजे नकाशे, आकृत्या, वस्तू मनात फिरवून बघणं वगैरे. आम्हाला हे माहीत होतं, ती पाचवीपासून ॲटलास उशाशी घेऊन झोपते. शेवटच्या पानावर सुचवलेल्या करिअरची यादी इतकी लांब होती की तीत बसणार नाही असं माणूस शोधावं लागेल. तरी पैसे अगदीच वाया गेले असं म्हणणार नाही. अहवालाच्या निमित्ताने तिने पहिल्यांदा वाक्य उच्चारलं, "आई, मला जीवशास्त्र पाठ करायला कंटाळा येतो, पण प्राणी आवडतात." याचा अर्थ लावायला मात्र आम्हाला आणखी बराच काळ लागला.

मग आम्ही कामाला लागलो. एक मोठा ड्रॉइंग पेपर घेतला, डावीकडे तिची चार नावं लिहिली आणि 'स्कोप किती' हा प्रश्न तात्पुरता बाजूला ठेवला. त्याऐवजी प्रत्येक अभ्यासक्रमाची माहिती पुस्तिका किंवा नोकरीची जाहिरात काढायची आणि तिच्यातला फक्त पात्रतेचा भाग वाचायचा. ही पुस्तकं कंटाळवाणी असतात. भाषा कोर्टकचेरीची. पण सगळं खरं तिथेच असतं, आणि तिथवर फार थोडे पालक पोचतात.

वकिलीचा रकाना दोन मिनिटांत भरला. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेची बारावी चालते. म्हणजे त्या नावासाठी आज काहीच ठरवायची गरज नव्हती. आजोबांना बरं वाटलं. आर्किटेक्चरला गणित हवं, भौतिकशास्त्र हवं, आणि वर नाटा ही वेगळी परीक्षा. पशुवैद्यकाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि नीट, आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. गणिताचा संबंध नाही. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे.

हवामानाचा रकाना मात्र रिकामा राहिला. बारावीनंतर लगेच 'हवामानशास्त्र' असा सरधोपट रस्ता दिसेना. लोक भौतिकशास्त्र किंवा गणितात बी.एस्सी. करतात आणि हवामानशास्त्र एम.एस्सी.ला घेतात, किंवा इंजिनीअरिंग करून वळतात. मग मी भारतीय हवामान विभागातल्या सायंटिफिक असिस्टंट पदाची जाहिरात शोधली, कर्मचारी निवड आयोगाची, २०२२ ची. पद पदवीधरांसाठीचं. पात्रतेत पदवी होतीच, आणि खाली आणखी एक ओळ: उमेदवाराने बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र आणि गणित हे मुख्य विषय घेऊन उत्तीर्ण केलेली असावी. ती ओळ मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवली. पदवी झाल्यावर, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ज्या नोकरीला अर्ज करायचा, तिथले लोक मागे वळून विचारणार की सोळाव्या वर्षी गणित घेतलं होतं का. पदवीला कितीही चांगले गुण मिळवले तरी ही एक गोष्ट नंतर भरून काढणं अवघड.

त्या कागदावर एक गंमत दिसली. चार नावांपैकी दोघांना गणित हवं होतं, एकाला जीवशास्त्र, आणि एकाला काहीच नको होतं. भूगोल, तिचा सगळ्यात लाडका, कुणालाच नको होता.

पुढची पायरी माणसांना भेटायची. ओळखीतून ओळख काढत पुण्याला हवामानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका गृहस्थांशी फोनवर बोलणं झालं. लेकीच्या डोक्यात ढग, वादळं, उपग्रहाची चित्रं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गणित किती आवडतं?" मग समजावून सांगितलं की आजचा अंदाज म्हणजे वातावरणाची समीकरणं संगणकावर सोडवणं. हवेचा दाब, तापमान, वारा, बाष्प यांचे आकडे जाळीच्या प्रत्येक चौकोनात भरायचे आणि पुढच्या क्षणाला ते काय होतील हे काढत जायचं. त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'प्रत्युष' नावाचा महासंगणक २०१८ पासून होता आणि २०२४ मध्ये 'अर्क' आला. "आमच्याकडे आकाशाकडे बघणारे कमी, स्क्रीनकडे बघणारे जास्त," असं ते हसत म्हणाले. मला वाटलं हिचा उत्साह मावळेल. ती उलट समीकरणं म्हणजे नेमकी कुठली, ते विचारत बसली.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातही तिला एक सकाळ बसू दिलं. शेण, रक्त, वास, कशानेच ती डगमगली नाही. गाभण म्हशीची तपासणी चालू असताना डॉक्टरांना हात धुवायला पाणी आणून देत होती. घरी आल्यावर म्हणाली, "काम छान आहे गं. पण मला ते बघायला आवडलं, करायला नाही." मी खोदून विचारलं नाही. प्राणी आवडतात आणि जीवशास्त्राचा कंटाळा येतो, या वाक्याचा अर्थ लागला एवढं पुरे होतं.

गणित आवडतं का, याची परीक्षा घेण्याचा उपाय तिच्या वडिलांना सुचला, आणि मला वाटतं सबंध प्रकरणात तोच सगळ्यात कामाचा ठरला. बालभारतीची अकरावीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती उतरवून घ्यायची आणि मे महिन्यात प्रत्येक विषयाची पहिली दोन प्रकरणं वाचायची. गुण नाहीत, परीक्षा नाही, क्लास नाही. वाचताना कुठे थांबावंसं वाटतं आणि कुठे पान उलटावंसं वाटतं, एवढंच बघायचं. भौतिकशास्त्राचं दुसरंच प्रकरण 'मॅथेमॅटिकल मेथड्स' निघालं. सदिश, विकलनाची तोंडओळख. म्हणजे ज्यांना वाटतं की गणित सोडून भौतिक-रसायन-जीव घेतलं की गणितापासून सुटका झाली, त्यांना दुसऱ्या प्रकरणातच गणित पुन्हा भेटतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गणिताच्या पुस्तकाची सुरुवात कोनाच्या मापनापासून, रेडियनपासून. त्यात ती रमली, पण झटपट नाही. अडायची, चिडायची, पुस्तक मिटून जायची आणि संध्याकाळी परत उघडायची. जीवशास्त्राचं पुस्तक मिटलं की ते मिटलेलंच राहायचं. भूगोलाच्या पुस्तकाला दोन प्रकरणांची अट लागू पडली नाही, ती थेट हवामान बदलापर्यंत गेली.

आता प्रश्न उरला जीवशास्त्राचा, आणि घरातली खरी वादावादी त्यावरून झाली. सासऱ्यांचं म्हणणं साधं होतं: असू दे ना हाताशी, काय बिघडलं. दिसायला ते बरोबरच होतं. पीसीएमबी घेतलं की जेईई, नीट, सीईटीचे दोन्ही गट, सगळं उघडं. काही मुलांना तर चारही विषय घ्यायलाच हवेत. आयसरच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या, प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे पंधरा-पंधरा प्रश्न असतात, तिथे जायचं असेल तर जीवशास्त्र किंवा गणित सोडून कसं चालेल? पण आमच्या घरी हा विचार मूलभूत विज्ञानाच्या ओढीने आलेला नव्हता. निर्णय पुढे ढकलण्यासाठी आला होता. चौथा मोठा विषय फुकट येत नाही. त्याची प्रात्यक्षिकं, जर्नल, आकृत्या, तोंडी परीक्षा. वर लेखी पेपर सत्तर गुणांचा. जेईई आणि नीटला अकरावीचा अभ्यासक्रम बारावीच्या बरोबरीने असतो. राज्याच्या सीईटीत अकरावीचा वाटा साधारण वीस टक्के. गणित जिला वेळ देऊन समजतं, तिचा वेळच आपण काढून घ्यायचा आणि म्हणायचं की पर्याय खुले ठेवले, हे मला पटेना. 'सायन्स घेतलं की कुठेही जाता येतं' हेही असंच अर्धवट. पात्रतेपुरतं ते खरं आहे. पण चार विषयांच्या ओढाताणीत बारावीला साठ टक्के पडले, तर ज्या चांगल्या कॉलेजात कला किंवा वाणिज्यची पदवी घ्यायची, तिथली यादी लागते तेव्हा त्या मुलाला कळतं की 'कुठेही' म्हणजे कुठे.

आजोबांची समजूत मी घातली नाही, नातीनेच घातली. तिने ड्रॉइंग पेपर त्यांच्यासमोर पसरला आणि विचारलं, "आजोबा, जीवशास्त्र सोडलं तर यातलं काय जातं?" पशुवैद्यक जातं, आणि एकूण नीटचं दार. बी.फार्म, म्हणजे औषधनिर्माणाची पदवी, जात नाही, ते गणितावरही होतं. मग तिने उलट विचारलं, गणित सोडलं तर काय जातं. त्या यादीवर आजोबांचं बोट बराच वेळ फिरत राहिलं. शेवटी त्यांनी एवढंच म्हटलं, "उद्या मन बदललं तर?" त्यालाही माझ्याकडे थोडं उत्तर होतं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलंय की बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल. तो रस्ता सोपा नाही, पण भिंतही नाही. आजोबा गप्प झाले. पटलं असं मी म्हणणार नाही.

तिच्या दोन मैत्रिणींचं सांगते, कारण विषयाची गोम तिथे जास्त स्पष्ट दिसते. एक वाणिज्यला चालली होती, सीए व्हायचं पक्कं. राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत 'एसपी की मॅथ्स' हा एक मोठा प्रश्न असतो. चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी एसपी, घेतलं की गुण सोपे, असा सार्वत्रिक समज. सीए फाउंडेशनला गणित घेतलेलं असावं अशी अट नाही, म्हणून ती एसपी घेणार होती. पण फाउंडेशनच्या चार पेपरांतला तिसरा पेपर शंभर गुणांचा, आणि त्यात व्यावसायिक गणित, तर्क आणि सांख्यिकी. म्हणजे गणित पात्रतेत नाही, परीक्षेत आहे. तिने मॅथ्स घेतलं.

दुसरीला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जायचं होतं. ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. ते फोटो तिने मोबाईलवर जपून ठेवले होते. तिला कला शाखा हवी होती, कारण एनडीएला कुठलीही बारावी चालते असं तिला सांगण्यात आलं होतं. चालते, पण फक्त लष्करासाठी. हवाई दल आणि नौदलाला बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतं. शिवाय लेखी परीक्षेत तीनशे गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच, मग शाखा कुठलीही असो. तिला विमान उडवायचं होतं. ती हे ऐकून आमच्या सोफ्यावर बराच वेळ काही न बोलता बसली, मग घरी जाऊन तिने वडिलांशी भांडून सायन्सचा अर्ज भरला. पूर्ण मराठी माध्यमातली मुलगी आहे. अकरावी सायन्स इंग्रजीतून. तिच्या धैर्याचं मला आजही कौतुक वाटतं.

अर्जाची कथा वेगळी. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया तोवर मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरी भागांत होती. २०२५ ला ती पहिल्यांदा सगळ्या राज्याला लागू झाली, त्यामुळे आमच्याकडे सगळेच नवखे. कॉलेजच्या कार्यालयातले लोकही 'साइटवर बघा' म्हणायचे आणि साइट तर सुरुवातीला उघडतच नव्हती. नोंदणी शुल्क शंभर रुपये. भाग एकमध्ये वैयक्तिक माहिती, भाग दोनमध्ये कॉलेजांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यायलाच हवा, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर 'बघू तरी मिळतं का' म्हणून काही लिहायचं नाही, हे तिला बजावलं.

पण त्या अर्जात मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. अर्ज शाखा विचारतो, विषय विचारत नाही. पसंतीक्रमात कॉलेज, शाखा, माध्यम, अनुदानित की विनाअनुदानित, एवढंच. विषय ठरतात नंतर, प्रवेश घेताना, कॉलेजच्या खिडकीवर. आणि कुठल्या कॉलेजात कुठला विषय शिकवायला शिक्षक आहे, हे तिथे गेल्याशिवाय नीटसं कळत नाही. मंडळाच्या नियमात विज्ञान शाखेला भूगोल घेता येतो. प्रत्यक्षात आमच्याकडच्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजात तो सायन्सला नव्हताच. खिडकीवरच्या बाई मला म्हणाल्या, "सायन्सला भूगोल? कोण घेतं?" त्यांच्याकडे चौथा विषय जीवशास्त्र, किंवा मग द्विलक्षी कॉम्प्युटर सायन्स. द्विलक्षी म्हणजे दोनशे गुणांचा विषय, तो घेतला की जीवशास्त्र आणि दुसरी भाषा दोन्ही जातात, आणि शुल्क वेगळं. दीर खूश झाले असते. पण मराठी जाणार होती, आणि लेकीला मराठी ठेवायची होती. हल्ली बहुतेक मुलं मराठीच्या जागी आयटी घेतात, गुण मिळतात म्हणून. मला त्यांना दोष द्यायचा नाही, फक्त वाईट वाटतं.

मग आम्ही उलटं केलं. आधी कॉलेजची यादी आणि मग विषय, असं न करता, भौतिक, रसायन, गणित आणि भूगोल हे चारही जिथे मिळतील अशी कॉलेजं शोधली. फोन करून, काही ठिकाणी जाऊन. फार थोडी निघाली. त्यातलं एक जुनं, अनुदानित, नाव फारसं चर्चेत नसलेलं, पण प्रयोगशाळा उघडी आणि वापरात असलेली. भौतिकशास्त्राचे सर वर्गात शिकवतात, असं तिथल्या दोन मुलांनी सांगितलं. हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली 'इंटिग्रेटेड' म्हणून जे चालतं त्यात मुलाचं नाव कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये. आम्हालाही तशी ऑफर आली होती. दोन वर्षांची फी लाखांत, आणि विषय आधीच ठरलेले: इंग्रजी, आयटी, पीसीएम किंवा पीसीबी. ज्यांचं ध्येय पक्कं आयआयटी किंवा मेडिकल आहे त्यांना ते सोयीचं असेलही. आमच्या लेकीचं तसं काही पक्कं नव्हतं, आणि पक्कं नसलेल्या मुलीला बंद पाकीट विकत घेऊन देण्यात काही अर्थ नव्हता.

पहिली पसंती तेच जुनं कॉलेज. "नव्वद टक्के मिळवून तिथे?" असा सूर नात्यातून उमटलाच. पहिली यादी जूनच्या अखेरीस लागली, कॉलेज मिळालं. खिडकीवर विषयांचा फॉर्म भरताना कारकून काकांनी सवयीने जीवशास्त्राच्या चौकोनावर पेन टेकवलं होतं. लेक म्हणाली, "काका, तिथे नको. भूगोल." त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. इंग्रजी, मराठी, भौतिक, रसायन, गणित, भूगोल. सहा भरले.

अकरावीचं पहिलं सत्र गणिताने तिला चांगलंच छळलं. पहिल्या चाचणीत कमी गुण मिळाले तेव्हा दिरांनी आपलं म्हणणं पुन्हा मांडलं. दिवाळीनंतर जरा सूर लागला. भूगोलाच्या वर्गात सायन्सची मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, कला शाखेच्या मुलांबरोबर बसायचं, त्यामुळे वेळापत्रकाची ओढाताण होते. भौतिकचं प्रात्यक्षिक आणि भूगोलाचा तास एकाच वेळी आला की तिला वाटाघाटी कराव्या लागतात. भूगोल तिला जेईईला लागणार नाही, सीईटीला लागणार नाही. त्या विषयाचा अभ्यास ती रात्री सगळं संपल्यावर करते आणि तेव्हाच तिचा चेहरा मोकळा असतो. या कारणासाठी सहातला एक विषय घ्यावा का? पात्रतेच्या रकान्यात याचं उत्तर नाही. आम्ही घेतला.

आता ती बारावीत आहे. हवामान आणि आर्किटेक्चर अजून दोन्ही कागदावर आहेत, वकिलीवर तिने स्वतःच रेघ मारली. सीईटीला पीसीएम गट, नाटाचाही विचार चालू आहे. ड्रॉइंग पेपर सध्या माझ्या भाचीकडे गेलाय, तिची दहावी आहे. तिला फॅशन डिझाइन करायचंय आणि तिच्या घरी 'आधी सायन्स घे' चाललंय. निफ्टला, म्हणजे फॅशनच्या राष्ट्रीय संस्थेला, कुठलीही शाखा चालते, हे मी तिच्या आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये गं, पण..." त्या 'पण'पुढे काय आहे ते ऐकायला या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.